घास तोंडात जाईपर्यंत

७ मार्च, शनिवार

समितीने वीस मार्चच्या कार्यक्रमाचा फलक छापून आणला. त्यावर चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचं साल १९२८. मी प्रितमला म्हटलं, सत्तावीस. तो म्हणतो, "काका, एका आकड्याने काय होतंय? लोकांना माहीतच आहे."

लोकांना माहीत आहे म्हणून चूक छापायची! हा समितीचा सचिव. एम.ए. झालेला. मी दहावी नापास, बिरवाडीत जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करून पोट भरणारा. पण आजवर तळ्यावर माझ्याकडून माहिती ऐकून गेलेल्या माणसाने एक तारीख चुकीची निघाली असं सांगावं. जे काही शिकलो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो. म्हणूनच वीस तारखेला व्यासपीठावर इतिहास सांगायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. फलक परत पाठवला.

संध्याकाळी मुंबईहून प्राध्यापक राजनंदिनी मॅडमचा फोन. त्यांच्यासोबत अमेरिकेतल्या एका कॉलेजची मुलं येत आहेत, थोडी काळी, थोडी ज्यू. त्यांच्या कॉलेजात युद्धावरून आवारात निषेधाचे तंबू लागले, घोषणा झाल्या, मैत्र्या तुटल्या. आता त्यांना जोडीजोडीने इथल्या घरांत ठेवायचं आणि एकमेकांना समजून घ्यायला लावायचं. आमच्याकडे सिमोन नावाची काळी मुलगी आणि एझ्रा नावाचा ज्यू मुलगा. मॅडम म्हणाल्या, "राजेंद्रजी, ही दोघं आधी जिवलग होती. आता एका बाकावर बसत नाहीत."

मी हो म्हटलं. काळ्या लोकांच्या लढ्यावर मी जेवढं वाचलंय तेवढं महाड तालुक्यात कोणी वाचलं नसेल. ती पोरगी म्हणजे आपलीच.

९ मार्च, सोमवार

रागात आहे, तरी लिहून ठेवतो.

उज्वलाने सकाळपासून गावठी कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी केली. आमच्या प्रियदर्शिनीने कॉलेज बुडवून घर सारवावं तसं पुसून काढलं. दोघं आली. सिमोन उंच, केसांच्या बारीक वेण्या, आल्या आल्या उज्वलाच्या गळ्यात पडली. एझ्रा लाजरा, डोक्यावर छोटी गोल टोपी. पानं वाढली. सिमोन बोटं चाटत जेवायला लागली. आणि या मुलाने छातीवर हात ठेवला, मान हलवली, ताट हलकेच पुढे सरकवलं. मग बॅगेतून स्वतःचा डबाबंद मासा, स्वतःचा प्लास्टिकचा चमचा आणि कागदाची प्लेट काढली.

कागदाची प्लेट. माझ्या घरात. माझ्या बायकोने घासूनपुसून ठेवलेल्या स्टीलच्या ताटाशेजारी.

पाणी मात्र प्यायला आमच्या ग्लासातून. पण पिण्याआधी ग्लासावर काहीतरी पुटपुटला. मी नीट पाहिलं. ओठ हलले.

तेवढ्यात शेजारची गोदूबाई दारातून डोकावली. "पावना जेवत नाय व्हय गो उज्वला?"

"पोट बरं नाय त्याचं," उज्वला म्हणाली.

"पोट बरं नाय आनि मासं खातंय?"

सकाळपर्यंत सगळ्या बौद्धवाडीला कळलेलं असेल.

१० मार्च, मंगळवार

स्पष्ट विचारलं. मला इंग्रजी वाचता येतं तितकं झरझर बोलता येत नाही, म्हणून प्रियदर्शिनीला मध्ये घातलं. तो म्हणाला, हा माझा धर्म आहे, तुमच्याशी त्याचा संबंध नाही. अमुक मांस, अमुक पद्धतीने कापलेलं, अमुक भांड्यात शिजलेलं, एवढंच चालतं. माझ्या सख्ख्या मामाच्या घरीसुद्धा मी जेवत नाही.

मी प्रियदर्शिनीला म्हटलं, त्याला सांग, हे वाक्य मला पाठ आहे. माझ्या आज्याला महाडच्या पेठेत कापड वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. तेव्हा दुकानदार हेच म्हणायचा. आमचा धर्म आहे, तुझ्याशी वैर नाही. वैर नाही! वैर असतं तर परवडलं असतं, वैर बरोबरीच्या माणसाशी करतात.

तिने किती सांगितलं आणि किती गिळलं कोण जाणे. मुलगा लाल झाला, खाली बघत राहिला. मला वाटलं सिमोन माझ्या बाजूने बोलेल. ती भिंतीला टेकून नखं बघत होती.

दुपारी दुकानातून आलो तर ओट्यावर नवं कोरं पातेलं. उज्वला त्या मुलाला घेऊन बाजारात गेली होती. पातेलं, अंडी, काकड्या, केळी. त्यात त्याने स्वतः अंडी उकडली आणि हिने त्याला मीठ दिलं.

"वेगळं भांडं?" मी म्हटलं. "माझ्या घरात? वेगळ्या भांड्याचा अर्थ मी तुला सांगायचा का?"

"अहो, मला माहीत हाय अर्थ. तुमच्यापेक्षा जास्त भांडी घासलीत मी." पदराला हात पुसत म्हणते, "पोरगं कालपासून अर्धपोटी हाय. तुमचा इतिहास उद्या सांगा त्याला."

बायकोला चळवळ कळत नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. आजही म्हणत नाही. पण लिहून ठेवतो.

११ मार्च, बुधवार

सिमोन दुकानात आली होती. मोटारीच्या तारा कशा गुंडाळतात ते बघत बसली. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही दोघं का बोलत नाही? ती म्हणाली, पहिल्या वर्षी आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. रोज जेवणाच्या आधी त्याची प्रार्थना ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. मग आवारात घोषणा सुरू झाल्या. एक दिवस घोळक्याने एझ्राला घेरलं, त्याची टोपी उडवली. मी त्याच घोळक्यात होते. तोंड उघडलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या लोकांनी माझा फोटो ज्यूंची शत्रू म्हणून सगळीकडे पाठवला. तो सगळं जाणत होता. त्यानेही तोंड उघडलं नाही.

मी म्हटलं, तुझं बरोबर होतं. जुलमाच्या विरोधात उभी राहिलीस.

ती म्हणाली, अंकल, टोपी उडवणं हे जुलमाच्या विरोधात नव्हतं.

वय लहान आहे तिचं. कळेल.

१२ मार्च, गुरुवार

जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

सकाळी दोघांना तळ्यावर नेलं, भाषेसाठी प्रियदर्शिनीही सोबत. त्यांना पायऱ्यांवर बसवून वीस मार्चचा सगळा दिवस सांगितला. परिषदेतून निघालेली माणसं, ओंजळीतलं पाणी, मग माघारी जाताना डोक्यात पडलेल्या काठ्या. आणि शेवटी मी नेहमी सांगतो ते. आम्ही पाणी प्यालो म्हणून तळं बाटलं असं ठरवून सनातन्यांनी मंत्र म्हणत, घागरी ओतत ते शुद्ध करून घेतलं. गुरं त्यात उतरत होती तेव्हा बाटलं नव्हतं. हे सांगताना माझा आवाज दरवर्षी चिरकतो. सिमोन रडली. एझ्राने डोळे मिटले होते.

मग मी चप्पल घालायला वर गेलो. वळून बघतो तर काय? एझ्रा खालच्या पायरीवर. हातात दोन कानांचा मग. तळ्यातलं पाणी भरून घेतलंय, एका हातावर ओततोय, मग दुसऱ्या हातावर, आणि ओठ हलताहेत. मंत्र.

माझ्या डोक्यात काय झालं ते लिहिता येत नाही. आताच तर ऐकलं होतं त्याने सगळं! मी ओरडलो, "काय करतोस? पाणी शुद्ध करतोस? आमचा विटाळ काढतोस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. मी इंग्रजीत विचारलं. उत्तर नाही. नुसता हात हलवला, वर पायऱ्यांकडे काहीतरी दाखवल्यासारखा. गुर्मी म्हणतात ती हीच. विचारणाऱ्याला उत्तर द्यायच्या लायकीचा न समजणं.

दहा-पंधरा पोरं जमली. प्रितम तिथेच मंडप बघायला आला होता, तोही आला. "काय झालं काका?" मी सांगितलं, हा मंत्र म्हणून पाणी ओततोय. मोबाइल निघाले. "बोल ना बे!" "माफी माग!" एझ्राला पायरीवर कोंडल्यासारखं झालं. चेहरा पांढरा पडला, पण तोंड बंद. कोणीतरी त्याच्या खांद्याला धक्का दिला. मी नाही दिला. मी फक्त विचारत होतो.

तेवढ्यात सिमोन वरून पोरांना कोपरांनी बाजूला करत खाली आली. तिच्या पिशवीत पाव होता. त्यातला तुकडा तोडून तिने एझ्राच्या तोंडासमोर धरला. तो प्रार्थना पुटपुटायला लागला, अर्ध्यात अडखळला, तेव्हा तीच ते परके शब्द मोठ्याने म्हणाली, सबंध. त्याने तुकडा तोंडात घातला, गिळला आणि मग बोलला. रडत बोलला.

सिमोनने वळून सगळ्यांना सुनावलं आणि प्रियदर्शिनी मराठीत सांगत गेली. "भाकरी खायच्या आधी ते हात धुतात, भांड्यातून, असेच. हात धुतल्यापासून घास तोंडात जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नसतो. पाव माझ्याकडे होता. मी वर फोटो काढत होते. तो पाव मागत होता."

पोरं पांगली. प्रितम मोबाइल खिशात घालत म्हणाला, "हे सगळं पोरीला शिकवून ठेवलेलं आहे."

मलाही ते पूर्ण पटलेलं नाही. हात धुवायला महाडात नळ नाहीत काय?

१३ मार्च, शुक्रवार

व्हिडिओ फिरतो आहे. त्यात माझा आवाज आहे, एझ्राचा मग आहे, धक्का आहे. पाव नाही. सिमोन नाही. ती खाली येण्याआधीच कापलाय.

राजनंदिनी मॅडमचा फोन. त्यांनी बाकीच्या मुलांना मुंबईला परत बोलावलंय, या दोघांनाही पाठवा म्हणाल्या. मी म्हटलं, मुलाला पाठवतो, मुलगी राहू दे. सिमोनला हे कळल्यावर ती म्हणाली, तो गेला तर मी जाते. पण तो जाणार नाही, कारण तो काही चोर नाही. मग मॅडमना तिनेच काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी वीसपर्यंत मुदत दिली.

माझ्या घरात कोणी राहायचं हेही आता अमेरिकेहून ठरणार!

संध्याकाळी प्रियदर्शिनीने परस्पर ठरवून टाकलं. गावात तापलंय, म्हणून ती दोघांना घेऊन तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे, श्रुतिकाकडे गेली, पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या वाडीत. दिवस मावळायच्या आत पोचायलाच हवं होतं, कारण शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत एझ्रा धर्मामुळे गाडीत बसत नाही. पातेलं, अंडी आणि पाव घेऊन गेले.

प्रितम घरी येऊन गेला. सोमवारी समिती पोलिसांना निवेदन देणार. परदेशी माणसाने तळ्याची विटंबना केली, भावना दुखावल्या, गुन्हा दाखल करा. "काका, पहिली सही तुमची. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. तुमच्या शब्दाला किंमत आहे."

आहेच.

गुन्हा दाखल झाला तर पोराचा पासपोर्ट अडकेल, कोर्टाच्या वाऱ्या करत वर्ष जाईल. ते त्याने आधी बघायला हवं होतं.

१४ मार्च, शनिवार

सही करण्याआधी त्याने नेमकं काय केलं ते पुन्हा बघून घ्यावं, म्हणून मोटारसायकल काढली. मी ऐकीव गोष्टीवर सही करत नाही. पोलादपूरहून वर, शेवटचा तुकडा चालत.

श्रुतिकाचा बाप महिपत शेतकरी, थोरला मुलगा मुंबईला कंपनीत. माणूस हसतमुख. "या या राजाभाऊ! तुमची पोरगी तर आमचीच झाली हाय." ओटीवर बसलो. एझ्रा आणि सिमोन खांबाला टेकून बसले होते, काहीतरी जुनं आठवून हसत होते. मी दिसताच हसणं थांबलं.

महिपतची आई चंद्रभागा चहा घेऊन आली. महिपतला कपबशी. सिमोनलाही कपबशी. एझ्राने नको म्हटलं. आणि माझ्यापुढे कागदाचा कप. मी वर पाहिलं तर आमच्या प्रियदर्शिनीने खिडकीच्या फळीवरच्या पुडक्यातून आपला कागदाचा कप आपणच काढला आणि म्हातारीपुढे धरला. सवयीने. कोणी न सांगता. तीन वर्षं येते आहे ती या घरात.

मी कप खाली ठेवला. "प्रियदर्शिनी, हे कधीपासून?"

"बाबा, इथे नको."

"इथेच. मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही येऊ दिलं असतंत का?" आवाज खाली, पण धार होती. "श्रुतिका माझ्या डब्यात जेवते. माझ्या ताटात जेवते. आजी बदलायच्या नाहीत. मी आजींसाठी येतच नाही."

महिपत घसा खाकरत म्हणाला, "तसं काय नाय राजाभाऊ. आये जुनी हाय. पान्याचा पन त्रास हाय वर, भांडी कोन घासनार..."

"तुमची कपबशी कोण घासतं?" मी विचारलं.

एझ्राने प्रियदर्शिनीला काहीतरी विचारलं. तिने हळू आवाजात पुष्कळ वेळ समजावलं. तो माझ्या कपाकडे बघत होता, मग शेजारी पडलेल्या आपल्याच कागदाच्या प्लेटकडे. सिमोन त्याला एक वाक्य बोलली. मला पुरतं ऐकू आलं. आता कळलं तुला, या लोकांना त्या रात्री तुझ्या प्लेटमध्ये काय दिसलं ते? त्याचे कान लाल झाले होते.

श्रुतिका आतून आली, माझा आणि प्रियदर्शिनीचा कागदी कप उचलून स्टीलच्या पेल्यांत चहा ओतला. चंद्रभागा ओरडली, "गो श्रुते! ती भांडी कुठली घेतलीस गो?" पोरगी म्हणाली, "घरातली." आणि महिपत, "असू दे गो आये."

मी तो चहा प्यालो नाही. कोणी पाजला म्हणून प्यावा इतका स्वस्त मी नाही. प्रियदर्शिनी प्यायली.

मग एझ्राला म्हटलं, दाखव. त्याने तो दोन कानांचा मग भरला. उजव्या हातावर ओतलं, डाव्या हातावर ओतलं, पुसलं, ओठ हलले, पाव तोडला, खाल्ला. मध्ये मी मुद्दाम हाक मारून पाहिलं, बघू बोलतो का. बोलला नाही. घास गिळून मगच, "येस, अंकल?"

मी विचारलं, त्या दिवशी ओतलेलं पाणी कुठे पडलं? तळ्यात की पायरीवर? तो म्हणाला, पायरीवर. सिमोन म्हणाली, पायरीवर. मला स्वतःलाही आठवतं. पायरीच ओली झाली होती. तळ्यात थेंब गेला नाही.

१५ मार्च, रविवार

दोघं परत आली. एझ्राने वाक्य पाठ करून आणलं होतं, मराठीत, उच्चार सगळे वाकडे. "मी जेवलो नाही त्याची माफी मागत नाही. तुम्हाला काय दिसलं ते मी बघितलं नाही, त्याची मागतो."

अर्धी माफी! असली हिशेबी माफी मी जन्मात पाहिली नाही. मी म्हटलं, ठीक आहे. उज्वला म्हणाली, "तुम्ही तर अर्धीपन मागितली नाय अजून." मी कशाची मागायची ते तिने सांगितलं नाही.

१६ मार्च, सोमवार

समितीच्या खोलीत निवेदन तयार होतं. टाइप केलेलं. प्रितमने पेन पुढे केलं.

मी वाचलं. "सदर परदेशी इसमाने मंत्रोच्चार करीत तीन तांबे पाणी तळ्यात ओतून पवित्र तळ्याचे शुद्धीकरण करण्याचा निंद्य प्रकार केला."

मी म्हटलं, "हे चूक आहे."

"काय चूक आहे?"

"तांब्या नव्हता, मग होता. तीन वेळा भरलाच नाही. तळ्यात ओतलं नाही, पायरीवर ओतलं. आणि शुद्धीकरण नव्हतं. जेवणाआधीचं हात धुणं होतं."

"काका, तुम्हीच तर ओरडलात! व्हिडिओत तुमचा आवाज आहे, 'विटाळ काढतोस' म्हणून."

"मी विचारलं होतं. प्रश्न होता तो. तुम्ही त्याचं उत्तर करून छापलंत."

खोलीत हसले काही जण. प्रितम नाही हसला. "काकांचं घर विकलं गेलं वाटतं. डॉलरमध्ये."

हे मला! ज्याने तळ्यावरच्या एका पाहुण्याकडून कधी चहा घेतला नाही त्याला! मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, त्या पोराचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग आहे. माझ्या बायकोचं ताट सरकवलंय त्याने. पण जे घडलं नाही त्यावर सही करायला लागलो, तर उद्या आपल्या विरुद्ध कोणी खोटं लिहील तेव्हा कुठल्या तोंडाने भांडायचं? आपल्याबद्दल हजार वर्षं खोटंच लिहिलं लोकांनी, टाइप करून नाही एवढंच.

"म्हणजे सही नाही?"

"नाही."

"मग वीस तारखेला व्यासपीठावरही नाही," प्रितम म्हणाला. "दुसरा वक्ता बघतो आम्ही."

बघा. मी माझी चप्पल घातली आणि आलो. घरी कोणाला सांगितलं नाही. कसं कळलं माहीत नाही, पण उज्वलाने वरण जरा पातळ आणि तिखट केलं होतं, मला आवडतं तसं.

१८ मार्च, बुधवार

माझ्या सहीशिवाय निवेदन गेलं. बाकीच्यांच्या सह्या आहेत, ज्यांच्यातला एकही पाणी ओतलं तेव्हा तिथे नव्हता. वाडीत दोघांनी मला जय भीम केला नाही. मी त्यांना केला. नावं लिहीत नाही, मला पाठ आहेत.

एझ्रा आणि सिमोन अंगणात बसून मोठमोठ्याने भांडत होती. युद्धावरून असावं, मधून मधून शहरांची नावं ऐकू येत होती. दोघांचीही बोटं एकमेकांच्या नाकासमोर. मी प्रियदर्शिनीला म्हटलं, जा, सोडव. ती म्हणाली, "बाबा, आठ दिवसांपूर्वी ती भांडतसुद्धा नव्हती." तासाभराने दोघं एकाच इअरफोनची एकेक वायर कानात घालून बसलेली. ही कसली समज म्हणायची, मला तरी कळत नाही.

२० मार्च, शुक्रवार

दुपारी घरी आलो आणि लगेच लिहायला बसलो आहे. शब्द तंतोतंत राहिले पाहिजेत.

सकाळपासून तळ्यावर मुंगीला वाट नाही. नागपूर, नांदेड, कुठून कुठून माणसं, पांढरी लुगडी, निळे झेंडे. व्यासपीठावर कोणीतरी मुंबईचा वक्ता. मी गर्दीत, लोखंडी कठड्याशी, उज्वला आणि तिन्ही पोरांबरोबर. एवढ्या वर्षांत मी हा दिवस खालून कधी पाहिला नव्हता. खालून काही ऐकू येत नाही, हे मला कोणी सांगायला हवं होतं.

एझ्राला मी म्हटलं होतं, टोपी काढ, ओळखतील. तो नाही म्हणाला. सिमोनने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. प्रियदर्शिनी उजव्या. मग जे व्हायचं तेच झालं. "तोच तो! मगवाला!" समितीचे बिल्ले लावलेली चार पोरं, त्यांच्यामागे वीस, मग मोजता येईनात. सिमोनने त्याचा हात धरला. या वेळी तोंड दोघांचंही चालू होतं, कोणी ऐकत नव्हतं एवढंच.

बंदोबस्तावरचे साहेब दोन हवालदार घेऊन आत घुसले. प्रितम त्यांच्या कानाशी. "साहेब, हाच. निवेदन दिलंय आम्ही." साहेबांनी एझ्राचा दंड धरला, तसा उद्धटपणे नाही, पण धरला. म्हणाले, "चला, चौकीवर बसू. ह्याला इथलं कोणी ओळखतं का?"

मी पुढे झालो. माझ्याकडे व्यासपीठ नव्हतं, माइक नव्हता. पण वर्षानुवर्षं या पायऱ्यांवर बोलून माझा आवाज कसलेला आहे.

मी म्हटलं, "मी ओळखतो. त्या दिवशी याच्यावर पहिला ओरडलो तो मी. व्हिडिओत आवाज माझा आहे. याने पाणी पायरीवर ओतलं, तळ्यात नाही. हात धुतले, घास खाईपर्यंत बोलला नाही, कारण त्यांच्यात बोलत नाहीत. मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता. बरोबर उत्तर मला त्याच दिवशी मिळालं होतं, मी ते घरी ठेवून बसलो. लिहून घ्या."

'लिहून घ्या'च्या आधीचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला सांगता येत नाही. पण निघालं, म्हणून इथे लिहिलं.

प्रितम म्हणाला, "साहेब, काका दबावाखाली आहेत."

"कोणाच्या रे? तुझ्या?" मागून उज्वला म्हणाली. बायका हसल्या. नांदेडकडची एक म्हातारी, आम्हाला ना ओळख ना पाळख, मध्ये शिरून म्हणाली, "लेकराचा हात सोडा की साहेब, पोरगं भेदरलंय."

साहेबांनी हात सोडला नाही. मला विचारलं, "तुमचा कोण लागतो हा?"

मला राग आलेला होता. प्रितमचा, साहेबांचा, त्या चार पोरांचा, आणि एझ्राचा तर होताच, अजून आहे. तो काल रात्रीसुद्धा माझ्या ताटाशेजारी आपली कागदाची प्लेट मांडून बसला होता आणि आज रात्रीही मांडेल.

"घरातला आहे," मी म्हटलं. "त्याच्यावर जे काय ओरडायचं ते मी ओरडीन. तुम्ही हात सोडा."

त्यांनी सोडला. जबाब द्यायला सोमवारी मला बोलावलंय. जाणार आहे. आणि ते जे टाइप करतील ते सही करण्याआधी मी दोनदा वाचणार आहे.